मारुतीच्या कुठवर आलंय?

नाशिकमधे नवीन फ्लॅट घेतलेल्या कुणाच्याही वास्तुशांतीला जा, सोफ्याच्या वर गोदाघाटाचं एक चित्र असतंच. कोवळं ऊन, पायऱ्या, दोन-तीन कळस, एक पाठमोरा साधू आणि पाण्यात एकच दिवा (एकच का असतो देव जाणे, खऱ्या घाटावर तर द्रोणांचा नुसता खच पडलेला असतो). हॉटेलात गेलात तर त्याच चित्रात द्राक्षांचा घड अ‍ॅड होतो. त्यात आता 2027 चा सिंहस्थ, म्हणजे त्रिशूळ, डमरू, जटा सगळं जोरात येणार. माझं ह्या चित्रांशी काही वाकडं नाही, हात चांगला असतो बऱ्याच जणांचा, पण बघून आत काही म्हणजे काहीच हलत नाही. ज्या गावात शिवाजी तुपे यांनी हाच घाट आणि हीच देवळं जलरंगात रंगवली त्या गावात हे असं व्हावं ह्याचं जरा वाईटच वाटतं. तुप्यांच्या चित्रात दगड ओला आहे की कोरडा हे कळायचं. आताच्या ह्या चित्रांत फक्त 'नाशिक' एवढं कळतं, आणि ते तर रिक्षावाल्यालाही माहितीये. चित्रात आपली संस्कृती आणायची म्हणजे एवढंच का, असा प्रश्न पडतो.

आमच्या कॉलनीत एक चित्रकार राहते, वयाने मोठी आहे म्हणून सगळे ताईच म्हणतात. तिने मागे गंगापूर रोडवरच्या एका छोट्या हॉलमधे प्रदर्शन लावलं होतं. मी गेले ते खरं म्हणजे बोलावलंय म्हणून, चहा पिऊन निघू ह्या हिशोबाने. समोरच्या भिंतीवर एकाच मापाची छोटी छोटी चित्रं ओळीने लावलेली. प्रत्येकात मधे एक शेंदरी आकार, उभा, ना तोंड ना हात, आणि खालून मातकट पाणी. पहिल्यात पावलापाशी, मग गुडघ्याला, मग कमरेला, छातीला, गळ्याला. शेवटच्यात शेंदरी काही दिसतच नाही, सगळं मातकट, फक्त एका जागी तो रंग जरासा कोमट वाटतो की खाली काहीतरी आहे. खाली नाव नाही, काही नाही.

नाशिककर असाल तर पुढचं सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगते. गोदावरीच्या पात्रात रामकुंडापाशी दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातम्यांमधे विसर्ग इतके हजार क्युसेक वगैरे येतं, आणि क्युसेक म्हणजे नक्की किती हे आमच्यात कुणालाच कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. फोनवर विचारायचं एकच, "मारुतीच्या कुठवर आलंय?" गुडघ्याला म्हणाले की बघायला जायचं, कमरेला म्हणाले की पोरांना पाठवायचं नाही, छातीला म्हणाले की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले लोक दुकानातला माल वर चढवायला लागतात. तिथल्याच नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं म्हणजे तर महापूरच. 2008 ला, 2016 ला, 2019 ला हे सगळं गावाने बघितलंय. हवामान खातं काय म्हणतं ते नंतर, आधी मारुती.

तर ताईच्या वडलांचं किडनीचं दुखणं निघालं तेव्हा दर दोन दिवसांनी पुण्याहून भावाचा फोन. हिने रिपोर्ट वाचून दाखवायचा, क्रिएटिनिन एवढं, पोटॅशियम तेवढं, तो हं हं करणार आणि शेवटी विचारणार, "म्हणजे कसे आहेत गं?" एकदा हिच्या तोंडून निघून गेलं, "कमरेपर्यंत आलंय." तो पलीकडे गप्प. मग म्हणाला, "मी निघतो." तेव्हापासून दोघं तसंच बोलायला लागले, गुडघ्याला उतरलंय, परत चढलंय. ती चित्रं म्हणजे ते फोन आहेत.

हे मला तिने तिथेच स्टुलावर बसून सांगितलं, चहा हातात, आवाज अगदी साधा, आणि लगेच रंगाकडे वळली, कारण चित्रकारांना रंगाबद्दल बोलायला जास्त आवडतं असं माझं मत आहे. पुराच्या पाण्याचा रंग तिला जमत नव्हता म्हणे. ट्यूबमधला ब्राऊन लावला की चॉकलेट दिसायचं. मग अंबर नावाच्या मातकट तपकिरी रंगात गेरू घातला, पातळ करून एकावर एक थर दिले आणि प्रत्येक थर अर्धवट वाळला की जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने आडवा ओढला. त्याने झालं काय, की पाण्यावर बारीक आडव्या रेघा उठल्या. जवळ जाऊन बघितल्यावर मला एकदम सराफ बाजारातल्या भिंती दिसल्या, पूर ओसरल्यावर गाळाची जी रेघ राहते ना, पुसली तरी पुढच्या दिवाळीच्या रंगापर्यंत जात नाही, तीच. तिला म्हटलं तसं, तर म्हणे, "हो मग, तीच बघून काढलीये."

आता कुणी म्हणेल ह्यात संस्कृती कुठे आली. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो, तिचं 1939 चं चित्र बघा, त्यात दोन फ्रिडा शेजारी बसल्यात, एकीच्या अंगात युरोपियन पद्धतीचा पांढरा ड्रेस, दुसरीच्या अंगात मेक्सिकोचा तेवाना पोशाख, दोघींची काळजं उघडी आणि एकाच रक्तवाहिनीने जोडलेली. वडील जर्मन, मुलूख मेक्सिकोचा, आणि त्याच वर्षी दिएगो रिव्हेराशी घटस्फोट. तो पोशाख तिथे मेक्सिको दाखवायला म्हणून आलेला नाही, ती खरंच तसे कपडे घालायची, दिएगोला ते आवडायचे, म्हणून त्या कापडात देशही आहे आणि नवराही. मला वाटतं सगळी गोम तिथेच आहे. रोजच्या वापरातली खूण असेल तर तिला दुःख चिकटतं, आणि मिरवायला आणलेल्या खुणेला काहीच चिकटत नाही. वारलीचंच घ्या. लग्नघरी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाष्णी चौक काढतात, मधे पालघट देवी, त्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणलं तेव्हाही त्यात शेत होतं, मासळीचं जाळं होतं, जगणं होतं. आणि आपण काय केलं, त्यातली तारप्याभोवती नाचणारी माणसं उचलली आणि उशीच्या अभ्र्यावर छापली. बाथरूमच्या टाइल्सवर पण बघितलीयेत मी. असो, तो विषय काढला की माझं डोकं सटकतं.

आणि अस्सल आपलंच असलं पाहिजे असंही काही नाही बरं का. ती नारोशंकराची घंटा पोर्तुगीजांची आहे, 1739 ला वसई जिंकली त्या विजयाची खूण म्हणून इथे आली. चर्चमधली घंटा महादेवाच्या देवळात टांगली गेली आणि गावाने तिला पूर मोजायला लावलं. ताईच्या एका मोठ्या कॅनव्हासवर तीच आहे, उलटी, फुलासारखी उघडी, आत पाणी साठलेलं. मला ते विशेष नाही आवडलं, जरा हुशारी दाखवल्यासारखं वाटलं, मारुतीवाल्या चित्रांत जो सरळपणा आहे तो त्यात नाही. तिला बोलले तसं. ती म्हणे विकलं गेलेलं तेच एक आहे.

बाकी लोक मजेशीर असतात. मुंबईहून आलेल्या एका बाईंनी त्या ओळीपुढे उभं राहून विचारलं की ही चक्रं आहेत का, मूलाधारापासून वर? ताई म्हणाली नाही, पाणी चढतंय. त्यांना ते चक्रांपेक्षाही गूढ वाटलं बहुतेक, फोटो काढून घेतले. मागून जुन्या नाशकातले एक काका आले, काठी टेकत एकेक चित्र बघत गेले, गळ्यापाशी थांबले आणि विचारलं, "घरातलं कोण?" इतकंच. ती म्हणाली, "वडील." ते म्हणाले, "हं," आणि पुढच्या चित्राकडे गेले.

सध्या तिच्या डोक्यात रहाड आहे. जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी, वर्षभर वरून बुजवलेल्या असतात, त्यावरून गाड्या जातात, नवख्याला कळतसुद्धा नाही की खाली हौद आहे. रंगपंचमीला उघडायच्या, पूजा करायची, फुलांचा रंग कालवायचा आणि मग धप्पे, म्हणजे त्या रंगात धपाधप उड्या. तिला काढायचीये ती बंद रहाड, नुसता डांबरी रस्ता, वर उभी केलेली स्कूटर आणि कडेच्या फटीतून किंचित केशरी. तो केशरी तिला पळसाच्या फुलांचाच हवाय, उकळून गाळून ठेवलाय बाटलीत. पण पळसाचा रंग उजेडाने उडतो. मी म्हटलं उडू दे की, रहाडीचा रंग तरी कुठे वर्षभर टिकतो. ती म्हणाली, "तुला काय जातंय, घेणारा सहा महिन्यांनी पैसे परत मागेल ना." मग ठरलं असं की विकायचं ते अ‍ॅक्रिलिकमधे आणि पळसाचं घरी, जिन्यात, जिथे ऊन येत नाही तिथे. आता स्कूटर कुठली काढायची ह्यावर अडलंय, तिला वडलांची बजाज हवीये आणि भाऊ म्हणतो नंबरप्लेट तरी टाकू नकोस.