वीस किलोंचा डंबेल सेट परत करताना आलेला अनुभव

चाळिशीनंतर स्नायूंचे प्रमाण घटू लागते आणि गुडघे सांभाळायचे असतील तर मांड्या बळकट हव्यात, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मी बेळगावात वडगावच्या आमच्या घरीच व्यायाम सुरू केला. प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही आहे. खुर्चीवरून न टेकता उठणे, ओट्याच्या कडेला हात ठेवून जोर काढणे, तांदळाची पिशवी छातीशी धरून बैठका मारणे, यात काहीच अडले नाही. त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

ताकद वाढते ती भार थोडाथोडा वाढवत नेल्याने, आणि त्यासाठी भार नेमका किती आहे हे ठाऊक असावे लागते. म्हणून मी दोन हजारांच्या आत मिळणारा वीस किलोंचा डंबेल सेट ऑनलाइन मागवला. त्यात दोन आखूड रॉड, तीन किलोंच्या चार प्लेट आणि दोन किलोंच्या चार प्लेट होत्या. प्लेट लोखंडी नव्हत्या. काळ्या प्लास्टिकच्या कवचात सिमेंटसारखे मिश्रण भरलेले होते. ज्या गावाच्या उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने आहेत, त्या गावात आपण असले वजन विकत घेतो याचे मला आजही वाईट वाटते.

व्यायामाची नोंद मी वहीत ठेवते. दोन्ही हातांच्या रकान्यांत भार सारखाच लिहिलेला असूनही डावा हात रोज आधी थकत होता. डावा हात कमजोर असेल असे घरचे म्हणाले. मात्र एका प्लेटच्या जोडावरून राखाडी भुकटी फरशीवर सांडलेली दिसली आणि मला शंका आली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदार काकांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मी एकेक प्लेट ठेवली. तीन किलो असा ठसा असलेल्या प्लेट २.९००, २.७५०, २.५०० आणि २.४५० किलो भरल्या, तर दोन किलोंच्या १.९००, १.८००, १.७०० आणि १.६००. सगळे मिळून १७.६०० किलो झाले. शिवाय पहिल्या दोन जड प्लेट डाव्या हातातल्या रॉडवर होत्या. म्हणजे डावा हात रोज ७०० ग्रॅम जास्त उचलत होता आणि कमजोर ठरत होता.

वस्तू परत करण्याच्या फॉर्ममध्ये कारणे ठरलेली होती: आवडली नाही, तुटलेली आहे, चुकीची आली. वजन कमी भरले, हे कारण त्यात नव्हतेच. मी ‘चुकीची आली’ निवडून काट्यावरचे फोटो जोडले. त्यावर मूळ खोक्यासह फोटो पाठवा असे उत्तर आले. खोके माळ्यावर होते, तेही झाले. मग कुरिअरचा मुलगा आला. त्याने खोके हातकाट्याला टांगले, मोबाइलमध्ये पाहिले आणि म्हणाला, “वहिनी, इथं वीस किलो दाखवायलंय, हे तेवढं भरत नाही. मला घेता येत नाही.” वजन कमी आहे हीच माझी तक्रार, आणि वजन कमी आहे म्हणूनच माल परत घेता येत नाही! त्या मुलाचा त्यात काही दोष नव्हता. परंतु पुढे प्रत्येक वेळी हेच घडले: पिकअप ठरायचे, वजन जुळायचे नाही, पिकअप रद्द व्हायचे आणि ‘ग्राहकाने वस्तू दिली नाही’ असा संदेश मलाच यायचा. ग्राहक सेवेच्या फोनवर दर वेळी नवी व्यक्ती असे आणि दर वेळी सगळे पहिल्यापासून हिंदीत सांगावे लागे. या काळात खोके दाराशीच पडून राहिले आणि माझा दंडाचा व्यायाम थांबला, याचा राग अजून गेलेला नाही.

सुटका झाली ती तक्रार लेखी केल्यावर. ई-कॉमर्सबाबतच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि एका महिन्यात निवारण करावे लागते. मी त्या अधिकाऱ्याला ईमेल केला आणि महिना उलटताच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता आले, याचे सीमाभागातल्या माणसाला किती समाधान वाटते हे वेगळे सांगायला नको. त्यानंतर कंपनीने वजनाची अट काढून खोके नेले आणि पूर्ण पैसे खात्यात जमा केले. तेवढ्यानेही भागले नसते, तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही.

वजनाचा फोटो घेताना आधी रिकाम्या काट्यावरचा शून्य टिपावा आणि मगच प्लेट ठेवावी. माझा हा फोटोच कामी आला. खोके मुदत संपेपर्यंत टाकू नये.

आता माझ्याकडे एका बंद पडलेल्या व्यायामशाळेतून घेतलेल्या जुन्या लोखंडी प्लेट आहेत. विकणाऱ्या दादांसमोरच त्या तोलल्या आणि भरलेल्या वजनाचेच पैसे दिले. पावसाळ्यात आमच्याकडच्या दमट हवेत त्यांना तांब चढते, म्हणून खोबरेल तेलाचे बोट फिरवून त्या कापडाने पुसते. सांगायचे राहिले ते म्हणजे, प्लेटचे भोक आपल्या रॉडच्या जाडीशी जुळते का हे घेण्यापूर्वीच पाहावे, कारण मोठ्या जिममधल्या प्लेटचे भोक ५० मिलिमीटरचे असते आणि ती घरच्या बारीक रॉडवर डगमगते. रॉडचेही वजन नोंदीत धरावे. एकदम दोन किलो वाढवण्याऐवजी अर्ध्या किलोच्या प्लेट मिळाल्या तर जरूर घ्याव्यात; खांद्याच्या व्यायामाला बायकांनी तर याच वाढीने जावे, असे माझे ठाम मत आहे. डाव्या-उजव्या हाताचे आकडे माझ्या वहीत आता सारखे येतात, आणि वीस किलोंची तांदळाची पिशवी मी रिक्षातून उतरवून स्वतः घरात आणते.