चौदा फुटी बोट आणि ओझरचे रिव्हेट

यूट्यूबवर ॲल्युमिनियमच्या जुन्या मासेमारी बोटी नव्या करण्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. बहुतेकांत पहिल्या दहा मिनिटांतच मधला बाक कापून टाकलेला असतो. मग त्या जागी लाकडी चौकट, वर प्लायवूड, त्यावर करडं कार्पेट, कडेने एलईडीच्या पट्ट्या. साधी चौदा फुटी बोट हट्टाने बास-बोट, म्हणजे उभं राहून मासे धरायची सपाट डेकची बोट, होऊन बसते. दिसते झकास, पण तो कापलेला बाक बघून माझ्या पोटात गोळा येतो.

बाक बसायला असतात, हे कबूल. पण या बोटीचा पत्रा जेमतेम दीड मिलीमीटरचा. दोन्ही बाजूंना धरून ठेवतात ते हेच आडवे बाक, आणि बोट पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून जो फोम असतो तोही त्यांच्याच पोटात. मधला बाक काढला की बाजू लाटेबरोबर आत-बाहेर व्हायला लागतात, आणि तो सगळा ताण शेवटी पत्रे जोडून ठेवणाऱ्या रिव्हेटांवर येतो. वर डेक बांधला की उभं राहणाऱ्या माणसाचं वजन फूटभर उंच जातं. साठ इंच रुंदीच्या बोटीत एक फूट म्हणजे गंमत नव्हे. म्हणून मी ठरवलं होतं की माझ्या बोटीत न दिसणारी कामं आधी, आणि दिसणारी झालीच तर शेवटी.

मी मूळची नाशिकची. पाणी म्हणजे गोदाघाट आणि फार तर गंगापूर धरण. अमेरिकेतल्या मिनेसोटात आले आणि इथली तळी बघून चक्रावले. गाडीच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' लिहिलेलं असतं; सरकारी मोजणीत, दहा एकरांहून मोठी तेवढीच धरली तरी, ती ११,८४२ भरतात. इथे शेजाऱ्याकडे बोट नसेल तरच लोक चौकशी करतात. माझी बोट मिळाली एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या गॅरेजमागे, ताडपत्रीखाली, ट्रेलरसकट. किमतीत दोघांनाही समाधान झालं. कंपनीचा बिल्ला गळून पडलेला, पण मागच्या फळीवर उजवीकडे कोरलेला बारा अक्षरांचा नंबर शाबूत होता. अमेरिकेत १९७२ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक नव्या बोटीला हा नंबर सक्तीचा झाला. माझ्या बोटीच्या नंबरात शेवटाकडे 'एम ७७' होतं, म्हणजे १९७७ चं मॉडेल.

सगळ्यात आधी मागची फळी उघडली. इंजिन लटकतं ती ही जागा, इथे तिला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून ॲल्युमिनियम, आत प्लायवूड. बाहेरून सगळं ठणठणीत दिसत होतं. वरची पट्टी काढून स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड चहात बुडवलेल्या टोस्टसारखं झालेलं. अशा फळीवर दहा हॉर्सपॉवरचं इंजिन लावून कुणी तळ्यात जाणं म्हणजे इंजिनाला जलसमाधी.

नवीन फळी केली पाऊण इंची प्लायचे दोन थर चिकटवून, दीड इंच. दुकानातला माणूस प्रेमाने सांगत होता की ट्रीटेड, म्हणजे रसायन मुरवलेलं, लाकूड घ्या, जन्मात कुजणार नाही. कुजणार नाही हे खरं, पण हल्लीच्या ट्रीटेड लाकडात तांबं असतं, आणि ओलं तांबं ॲल्युमिनियमला लागलं की पत्रा खायला लागतं. म्हणून साधं बाहेर वापरायचं प्लाय घेतलं आणि चारी बाजूंनी, विशेषतः कडांना, इपॉक्सीचे, म्हणजे वाळून घट्ट होणाऱ्या राळेचे, हात दिले. बोल्टची भोकं आधी मोठी पाडली, इपॉक्सीने पूर्ण भरली, वाळल्यावर त्यातच पुन्हा बारीक भोकं पाडली. आता बोल्टच्या कडेने पाणी शिरलं तरी त्याला लाकूड सापडत नाही. वेळखाऊ काम आहे. यूट्यूबवर हे दाखवत नाहीत, कारण इपॉक्सी वाळताना बघायला कोण बसणार?

तांबं पत्रा खातं याचा पुरावा बोटीतच मिळाला. मधल्या बाकाखाली, दोन फासळ्यांच्या बेचक्यात, एक सेंटचं नाणं चिकटलेलं होतं. नखाने उचकटलं, तर खाली पांढरी भुकटी, आणि भुकटी पुसली तर टाचणीच्या टोकाएवढं आरपार भोक, त्यातून गॅरेजची फरशी दिसत होती. नाण्यावर साल १९६८. एक सेंटचं नाणं १९८२ पर्यंत जवळजवळ सगळंच तांब्याचं असे, नंतर ते जस्ताचं करून वरून तांब्याचा मुलामा द्यायला लागले. कुणाच्या तरी खिशातून पडलेल्या एका सेंटने बोटीला भोक पाडलं.

फोमचीही तीच तऱ्हा. बाकांच्या पोटातला फोम इतक्या वर्षांत पाणी पिऊन बसला होता; एकेक तुकडा उचलताना कंबर आठवत होती. एका वेळी एकच बाक उघडायचा, तो परत बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, नाहीतर बोटीचा आकारच पसरतो. नवीन फोम म्हणून घराच्या भिंतींना लावतात ती गुलाबी पॉलिस्टायरिनची शीट कापून बसवली. एक घनफूट फोम साधारण साठ पौंड वजन तरंगवतो, त्या हिशोबाने जेवढा निघाला त्याहून थोडा जास्तच भरला.

मग गळती. त्यासाठी उलटी परीक्षा घेतात: बोट ट्रेलरवर ठेवून आत पाणी भरायचं आणि खाली आडवं पडून बघायचं. मात्र बेताने. चार इंच पाणी म्हटलं तरी तीनशे-साडेतीनशे किलो होतं, आणि बोट स्वतः शंभर किलोच्या आतबाहेर. जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने गोल करायचा. थोड्या वेळात माझ्या बोटीचा तळ देवी आलेल्या माणसासारखा दिसायला लागला.

इथे बाबांची एंट्री होते. आई-बाबा त्या उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आले होते. ज्यांचे आईवडील इकडे येतात त्यांना माहीत आहे की दुसऱ्या आठवड्यापासून काय होतं: पार्कात दोन चकरा, मराठी मालिका, आणि "तुमच्याकडे रस्त्यावर माणूस दिसत नाही." बाबा विमानं बनवणाऱ्या एचएएलमधून निवृत्त झालेले. नाशिकजवळचा ओझरचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ या लढाऊ विमानासाठी उभा राहिला, आणि बाबांची सगळी नोकरी तिथे विमानाच्या पत्र्यावर रिव्हेट मारण्यात गेली. ते गॅरेजमध्ये आले, चष्मा कपाळावर सारला आणि गोल केलेल्या एका जागेवरून अंगठा फिरवला.

"अगं, हा मेलेला नाही. सैल झालाय. हवा आहे का?"

हवा म्हणजे कंप्रेसर. कंप्रेसर होता, रिव्हेट गन नव्हती. ती मागवली, आणि एक डॉलीही, म्हणजे मागून टेकवायचा पोलादी ठोकळा. बाबा गन येईपर्यंत रोज टपालपेटी बघून येत होते.

बोट उलटी करून लाकडी घोड्यांवर ठेवली. बाबा बाहेर गन घेऊन उभे, मी खाली अंधारात कपाळाला टॉर्च बांधून डॉली धरून. कानात बोळे घातल्याशिवाय त्यांनी गनला हात लावू दिला नाही. बोळे घातल्यावर आणि त्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून डॉलीने पत्र्यावर टकटक करायची. एक टक म्हणजे अजून हवा. दोन टक म्हणजे बसला. तीन म्हणजे बिघडला, काढून टाका. त्या दुपारी आमचं जेवढं छान जमलं तेवढं माझ्या लग्नाच्या बोलणीत जमलं असतं तर बरं झालं असतं.

बरेचसे सैल रिव्हेट दोन-तीन फटक्यांत परत बसले. ज्यांचं भोकच मोठं झालं होतं, ते डोक्यावर ड्रिल धरून काढले आणि नवे मारले. नवा रिव्हेट पत्र्यातून त्याच्या व्यासाच्या दीडपट बाहेर डोकावायला हवा. ठोकल्यावर जे डोकं तयार होतं ते व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच. आमचे रिव्हेट ३/१६ इंची, म्हणजे डोकं ९/३२ इंच, मिलीमीटरमध्ये ७.१. बाबांनी पत्र्याच्या तुकड्याला तेवढंच भोक पाडून गेज बनवला आणि प्रत्येक डोक्याला लावून बघितला. मी म्हटलं, बाबा, ही बोट आहे, मिग नाही. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढच्या डोक्याला गेज लावला.

एक गोष्ट मात्र मीच त्यांना सांगितली. विमानात चालतो तो रिव्हेट इथे चालतोच असं नाही. अमेरिकन रिव्हेटाच्या डोक्यावर बारीक खड्डा असेल तर तो २११७ मिश्रधातूचा, त्यात तांबं असतं. उठावाची फुली असेल तर ५०५६, त्यात मॅग्नेशियम, आणि पाण्यात तोच टिकतो. बाबांचे ड्रॉइंग रशियन, खुणा वेगळ्या. त्यांनी भिंगातून ती फुली पाहिली आणि वहीत काढून घेतली.

पॉप रिव्हेटवर, म्हणजे एकाच बाजूने मारता येणाऱ्या पोकळ रिव्हेटवर, त्यांचा राग आहे. बंद बाकाच्या मागे, जिथे डॉली पोचतच नव्हती, तिथे मी टोक बंद असलेले पॉप रिव्हेट सीलंट लावून मारले, तेव्हा ते आत चहा प्यायला निघून गेले.

या बोटी आणि विमानं तशी सख्खी भावंडंच. दुसऱ्या महायुद्धात हेलकॅटसारखी लढाऊ विमानं बनवणाऱ्या ग्रमनने १९४५ च्या सुमाराला ॲल्युमिनियमच्या कनू, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, काढल्या. तेच पत्रे, तेच रिव्हेट, तीच माणसं. इथे मिनेसोटात न्यूयॉर्क मिल्स नावाच्या छोट्या गावात हॉवर्ड लुंड यांनी १९४८ मध्ये बोटी बनवायला सुरुवात केली. लाकडी बोटीला दर वर्षी रंग, डागडुजी, फटी भरणं. ही ताडपत्रीखाली टाकून विसरता येते. माझी तशीच विसरली गेली होती.

रंगाबद्दल थोडक्यात. ॲल्युमिनियम घासलं की त्यावर लगेच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि रंग त्यावर टिकत नाही. म्हणून घासलं त्याच दिवशी सेल्फ-एचिंग प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरून बसणारा पहिला हात. बाहेरून गडद हिरवा दिला, आतून काहीच नाही. शेवाळं धरू नये म्हणून तांब्याचा रंग मिळतो, तो ॲल्युमिनियमला चुकूनही लावू नका. कारण वर आलंच आहे.

आता हौस. डेक नाही. पुढच्या दोन बाकांमध्ये उचलून काढता येणाऱ्या दोन पातळ फळ्या, खालून पाणी मागे वाहायला मोकळी जागा. कार्पेट नाही, कारण ते ओलं राहतं आणि त्यात गळ अडकले की निघत नाहीत. पुढे फिरती खुर्ची, रॉडसाठी चार नळ्या, आणि नाकावर बोट हळूहळू सरकवायची, ५५ पौंड रेट्याची इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर. ती पूर्ण वेगात ५० अँपिअरपर्यंत करंट ओढते, म्हणून बॅटरीला लागूनच ६० चा ब्रेकर. दोन्ही वायरी कथिलाचा मुलामा दिलेल्या, दोन्ही बॅटरीपर्यंत स्वतंत्र नेलेल्या. गाडीत करतात तसं बोटीच्या पत्र्याला अर्थिंग जोडायचं नाही, नाहीतर वीजच पत्रा खाते. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १०० अँपिअर-अवर, बारा किलोच्या आसपास. तेवढीच लेडची तीसच्या घरात गेली असती. ती पुढच्या बाकाखाली ठेवली, कारण मागे इंजिन, पेट्रोलची टाकी आणि मी.

किती माणसं बसवायची याची पाटी पुसून गेली होती. त्याला जुना हिशोब आहे: फुटांत लांबी गुणिले रुंदी, भागिले पंधरा. चौदा पंचे सत्तर, भागिले पंधरा, चार आणि वर थोडं. वरचं थोडं म्हणजे माणूस नव्हे. माझ्या मुलाला ते पटवायला वेळ लागला. आणि हा हिशोब शांत पाण्याचा. मिल लॅक्ससारख्या मोठ्या पण उथळ तळ्यावर वारा सुटला की बघता बघता लाटा उभ्या राहतात. तिथे मी ही बोट वाऱ्याच्या दिवशी नेत नाही.

पहिल्यांदा पाण्यात घातली तेव्हा बाबा वाकून तळाकडेच बघत होते. तळं, झाडं, काठावरची बदकं, कशाकडेही लक्ष नाही. तासाभराने दोन फासळ्यांमध्ये ओल दिसली, ती त्यांनी बोटाने चाखून बघितली आणि म्हणाले, "हे तुझ्या बुटाचं पाणी आहे." परत येताना रॅम्पवर बुडाचं बूच काढलं. इथे तो कायदाच आहे, बाहेरून आलेले उपद्रवी झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून रस्त्यावर बूच उघडंच हवं. बुचातून फक्त काही थेंब पडले. बाबांनी त्याचा व्हिडिओ काढून ओझरच्या ग्रुपवर टाकला.

मासेमारीशी त्यांचा काही संबंध नाही. बाबा माळकरी आहेत. मी पहिला वॉलाय मासा आणला तेव्हा तो घरात येणार नाही, गॅरेजमध्येही नाही, हे आईने दारातच सांगितलं. मागच्या अंगणात रवा लावून तळला आणि तिथेच उभ्याने खाल्ला. पुढच्या वर्षीची तिकिटं काढताना मी विचारलं, मे महिन्यात हंगाम उघडतो, त्याआधी येता का? बाबा म्हणाले, हंगाम तुझा तू बघ. ट्रेलरची बेअरिंग बदलायची राहिली आहेत, त्या वेळी येतो, आणि ते पॉप रिव्हेटही बघू काय करायचं ते.