साडेचार हजार बादल्या

स्मरणिकेसाठी लिहायचा निरोप आला आणि आधी आठवली ती शाळेमागची चिरेबंदी विहीर. मालवणच्या खाऱ्या वाऱ्याने तिचा रहाट कायम गंजलेला. कुणी पाणी काढू लागले की अख्ख्या वर्गाला कळे.

नववीत न्यूटन, जूल, वॅट, व्होल्ट सगळे पाढ्यांसारखे पाठ केले होते. तरी चाचणीत मी बलाचे एकक वॅट लिहिले. सर रागावले नाहीत, वर्ग घेऊन सरळ विहिरीवर गेले.

दोराला प्रयोगशाळेतला स्प्रिंगचा काटा अडकवला. भरलेली बादली १० किलो, म्हणजे ९८ न्यूटन बल. पाणी ८ मीटर खाली. दोन्हींचा गुणाकार म्हणजे काम, ७८४ जूल. मला ओढायला २० सेकंद लागले, म्हणजे माझी शक्ती जेमतेम ३९ वॅट! मी धापा टाकतोय आणि सर म्हणतात, "स्टाफरूममधला ४० वॅटचा बल्बसुद्धा तुझ्याच्याने पेटायचा नाही."

मग मीटरवरचे एक युनिट. किलोवॅट-तास म्हणजे ३६ लाख जूल. ७८४ ने भागले तर साडेचार हजारांवर बादल्या. कठड्याला टेकून ऐकणारे शिपाईमामा म्हणाले, "मगे लाइटीचा बिल इला की लोक कित्याक बोंबलतत?"

खरी गंमत पुढेच. एक किलो पाणी ८ मीटर चढवायला ७८ जूल लागतात. २३० व्होल्टचा अर्थही तसाच: दर कूलंबामागे (कूलंब म्हणजे विद्युतभाराचे एकक) २३० जूल. खोलीच्या जागी व्होल्ट ठेवा, सेकंदाला येणाऱ्या पाण्याच्या जागी अँपिअर. दोन्हीकडून हिशेब वॅटवरच येतो. उपमा फार ताणू नये म्हणा. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते, विहिरीचे पाणी तसे करत नाही.

व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅटच कसे येतात, हे मात्र पॉलिटेक्निकला गेल्यावर उलगडले. जुन्या पुस्तकांत बलाला डाइन आणि कामाला अर्ग असत. एक जूल म्हणजे एक कोटी अर्ग. विजेची एकके आणखी वेगळी. इटलीच्या जॉर्जी नावाच्या इंजिनिअरने १९०१ मध्ये सुचवले की मीटर, किलो, सेकंद यांच्या जोडीला विजेचे एक एकक घ्या, सगळे जुळते. पुढे १९६० मध्ये एसआय ही एककांची आंतरराष्ट्रीय पद्धत आली ती याच पायावर. २० मे २०१९ पासून तर किलोची व्याख्याच बदलली. ती प्रत्यक्षात उतरवायला जो तराजू वापरतात, त्यात वजनाचा भार चुंबकातल्या वेटोळ्यातला प्रवाह तोलतो. त्याचे जुने नाव वॅट बॅलन्स. त्याचे चित्र पाहिले आणि मला आमचा रहाटच दिसला.

आता माझे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. गिऱ्हाईक एचपीत (हॉर्सपॉवरमध्ये) बोलते, मी वॅट काढायला मनात ७४६ ने गुणतो.

परवा शाळेत गेलो होतो. विहिरीवर जाळी, रहाट गेलेला, कोपऱ्यात पंप. पाटीवरचा गंज अंगठ्याने पुसला: ०.७५ किलोवॅट. म्हणजे माझ्यासारखी १९ पोरे, एकाच दोराला.