बोलण्याआधी थांबवावं लागतं तेव्हा

शनिवार, १३ डिसेंबर, रात्री दीड

ड्यूटीचा फोन उशाशी ठेवलाय, आवाज पूर्ण वाढवून. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहात मी आरए आहे, म्हणजे रेसिडेंट असिस्टंट: तिथेच राहून मजल्यावरच्या मुलींकडे लक्ष देणारी विद्यार्थिनी. बाराचा राउंड संपला, नोंदी लिहून झाल्या. झोप लागणार नाही हे कळतंय, म्हणून वही उघडली.

संध्याकाळी नऊच्या सुमारास दारावर टकटक झाली. मी जागी असले की माझं दार अर्धं उघडंच असतं, तरी ती टकटक करून थांबली, मी ये म्हटल्यावर आत आली. पहिल्या वर्षाची मुलगी. तिचं नाव, मजला, विषय यातलं काहीही इथे लिहिणार नाही. ओळख पटेल असे एकदोन तपशीलही मी बदलले आहेत. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. सोमवारपासून सुरू होणाऱ्या परीक्षेबद्दल बोलली, रूममेटच्या पहाटेच्या गजराबद्दल बोलली. मग बराच वेळ गप्प. मी काही विचारलं नाही. शेवटी बाहीशी चाळा करत ती म्हणाली, "एक सांगायचंय. पण तू कुणाला सांगणार नाहीस ना?"

या प्रश्नाचं उत्तर मी शाळेत असल्यापासून न विचार करता देत आले आहे. नाही सांगणार, बोल. तेच उत्तर इथे देता येत नाही. मी हात जरा वर केला आणि तिला थांबवलं. म्हटलं, "तू बोलण्याआधी एक सांगायलाच हवं. तुला किंवा दुसऱ्या कुणाला इजा झाली असेल, कुणी जबरदस्ती केली असेल, जिवाला धोका असेल, तर ते मला वर कळवावं लागतं. तुझं ऐकायची मला मनापासून इच्छा आहे. पण आधी वचन देऊन नंतर मोडणं मला जमणार नाही."

तिचा चेहरा मिटला. दुसरा शब्द मला सुचत नाही. म्हणाली, "मग राहू दे."

ती उठायच्या आत मी सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही. तसं नाहीये." मी तिला काउन्सेलिंग सेंटरची वेळ सांगितली. तिथे ऐकलेलं तिथेच राहतं हेही सांगितलं. आणि हेही सांगितलं, की तू काहीतरी बोलायला आली होतीस आणि थांबलीस, एवढं मी वसतिगृहाच्या प्रमुखांना, हॉल डायरेक्टरना, कळवणार आहे. तुझ्या पाठीमागे काही होऊ नये, म्हणून तुलाच आधी सांगते. तिनं मान हलवली आणि ती गेली. मी दार पूर्ण उघडं करून बसले, दहाच्या राउंडला जाईपर्यंत.

रविवार, १४ डिसेंबर, दुपार

सकाळी हॉल डायरेक्टरना फोन केला, ठरलं होतं तेवढंच सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. त्या आठवडाभर तिच्याकडे लक्ष ठेवतील.

माझ्या मनातून मात्र तो मिटलेला चेहरा जात नाही. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत आम्हा आरएंवर कळवण्याचं बंधन असतं. शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धचा १९७२चा टायटल नाइन कायदा, कॅम्पसवरच्या गुन्ह्यांबद्दलचा १९९०चा क्लेरी कायदा आणि विद्यापीठाचे स्वतःचे नियम यांतून ते आलंय. समुपदेशकांचं तसं नसतं. जिवाला तातडीचा धोका असेल तेवढा सोडला, तर त्यांनी ऐकलेलं त्यांच्यापाशीच राहतं. आम्ही त्याच इमारतीत राहतो, त्याच बेसिनवर दात घासतो, रात्री दोनला आमचंच दार सापडतं. म्हणून मुलं आमच्याकडे येतात. आणि आम्हालाच गुपित ठेवता येत नाही.

मला हा नियम पटत नाही असं नाही. उलट ज्या घटनेतून क्लेरी कायदा आला ती मला पाठ आहे. जीन क्लेरी १९ वर्षांची होती. १९८६च्या एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिहाय विद्यापीठात, वसतिगृहातल्या तिच्या स्वतःच्या खोलीत, तिच्यावर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. करणारा त्याच विद्यापीठातला विद्यार्थी होता. आपोआप कुलूप लागणारी दारं कुणीतरी वस्तू अडकवून उघडी ठेवली होती, त्यांतून तो आत शिरला. तिच्या आईवडिलांना नंतर कळलं, की कॅम्पसवर आधी घडलेल्या गुन्ह्यांबद्दल विद्यार्थ्यांना काही सांगितलंच जात नव्हतं. ते दोघं वर्षानुवर्षं झगडले. आज सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचे आकडे प्रसिद्ध करावे लागतात, ते त्यांच्यामुळे. राउंडला निघाल्यावर जिन्याच्या दाराला कुणी बूट किंवा खोका अडकवलेला दिसला, की मी तो काढते आणि दार पक्कं बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत थांबते. दर वेळी मला तीच मुलगी आठवते. मी तिला कधी पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधी ती गेली.

गप्प राहणाऱ्या संस्थेत काय होतं हे मला कळतं. मी गप्प बसायचं नाही, हे म्हणूनच मान्य आहे. पण काल रात्री एक मुलगी बोलता बोलता थांबली, ती माझ्या वाक्यामुळे. या नियमानं किती जण बोलले याची नोंद राहते. किती जण उठून गेले याची नोंद कुठल्याच रकान्यात नसते, आणि ती कुणीतरी ठेवायला हवी असं मला वाटतं.

सोमवार, १५ डिसेंबर

पहाटे ३:४० ला फायर अलार्म. कुणाचं तरी पॉपकॉर्न जळलं. बाहेर गोठवणारी थंडी, आणि परीक्षेच्या पहिल्याच दिवशी सगळी इमारत रस्त्यापलीकडे उभी. काही जण चिडले होते, दोघं उतरायलाच तयार नव्हते. दार ठोठावून ठोठावून माझे हात दुखले. मी दर वेळी सगळ्यांना तेच सांगते: १९ जानेवारी २००० च्या पहाटे न्यू जर्सीतल्या सीटन हॉल विद्यापीठात बोलंड हॉलला आग लागली, तेव्हा अलार्म वाजूनही बरीच मुलं लगेच उठली नाहीत. त्याआधी तिथे खोटे अलार्म सारखे वाजत होते. पहिल्या वर्षाची तीन मुलं गेली. त्याच वर्षी त्या राज्यानं वसतिगृहांत स्प्रिंकलर सक्तीचे केले. हे ऐकल्यावर कुरकुर जरा थांबते.

गर्दीत ती दिसली. रूममेटचा कोट दोघींनी मिळून पांघरला होता. पहाटेचा गजर लावणारी तीच रूममेट. मला जरा बरं वाटलं.

मंगळवार, १६ डिसेंबर, रात्री

शनिवारपासून एक गोष्ट मनात घोळतेय. तिला मी "जीव द्यावासा वाटतो का" हे विचारलं ते इंग्रजीत, आणि अडखळले नाही. ऑगस्टमध्ये आमचं दोन आठवड्यांचं ट्रेनिंग झालं. त्यात हा प्रश्न जोडीजोडीनं बसून, एकमेकांच्या डोळ्यांत बघून, मोठ्यानं विचारायचा होता. आडून विचारायचं नाही, "तसलं काही मनात नाही ना" असं तर मुळीच नाही. तसं विचारलं, की समोरच्याला "नाही" म्हणायची वाटच आपण करून देतो. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, हेही तिथेच पक्कं सांगितलं. माझ्या जोडीदारीण आरएला पहिल्यांदा रडू आलं. मला आलं नाही. मला वाटलं, मला हे चांगलं जमतंय.

त्या रात्री खोलीवर येऊन मी तोच प्रश्न मराठीत म्हणून बघितला. एकटीच, दार बंद करून. निम्म्या वाक्यात आवाज फुटला. तेव्हा लक्षात आलं, की इंग्रजीतला तो प्रश्न मला सोपा जातो, कारण त्या शब्दांच्या मागे माझं कुणीच उभं नाही. मराठीत म्हणताना माझी माणसं डोळ्यांसमोर येतात. मग मी तो रोज मराठीतही म्हणायला लागले. तीन आठवड्यांनी आवाज स्थिर राहिला. कुणी सांगितलं नव्हतं, पण मला ते करायलाच हवं होतं. समोरच्या मुलीच्या मागेही तिची माणसं उभी असतात, आणि तिला हा प्रश्न तिच्या भाषेत ऐकू येतो.

परक्या देशात हे काम करताना असं सारखं होतं. एका वडिलांचा मध्यंतरी ऑफिसात फोन आला होता, मुलगी दोन दिवस फोन उचलत नाही म्हणून. आवाज कापत होता. १९७४च्या फर्पा कायद्यानं विद्यापीठातल्या मुलाच्या नोंदींवर हक्क त्या मुलाचा असतो, आईवडिलांचा नाही, आणि आम्हालाही परवानगीशिवाय काही सांगायचं नाही असंच शिकवलंय. त्यांना "ती बरी आहे" हे तीन शब्दही मी सांगू शकले नाही. मात्र "तुमचा फोन आल्याचं कळवते" एवढं म्हणता येतं. तेवढं मी म्हणाले आणि जिना चढून गेले. ती झोपली होती, फोन चार्ज नव्हता. मी तिला तिथेच, माझ्यासमोर घरी फोन लावायला सांगितलं आणि तिकडून "हॅलो" ऐकू आल्यावरच खाली आले.

आईला फोनवर शनिवारचं सांगितलं, नावगाव न घेता. ती म्हणाली, "अगं, मग त्या पोरीनं जायचं तरी कुणाकडे?" मी म्हटलं, तेच तर सांगितलं तिला. आई म्हणाली, "तू सांगितलंस कुठे जायचं. ती आली होती तुझ्याकडे." यावर मला उत्तर देता आलं नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर

ती परत आली.

आज बसली नाही, दारातच उभी राहिली. म्हणाली, "समजा सांगितलं, तर नक्की कुणाकुणाला कळेल?"

हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. "वर कळवावं लागतं" असं मी म्हणाले होते, आणि वर म्हणजे कोण हे तिला कसं कळणार? अठरा वर्षांच्या मुलीला वर म्हणजे सगळेच वाटतात. प्राध्यापक, घरचे, पोलीस, अख्खा मजला. मी कोरा कागद घेतला आणि खाली बसून काढून दाखवलं. मधे ती. तिच्याशेजारी मी. माझ्याकडून एक बाण हॉल डायरेक्टरकडे, एक टायटल नाइनच्या ऑफिसकडे. त्या ऑफिसातून तिला मेल येईल, भेटायचं का असं विचारतील, आणि ती नाही म्हणू शकेल. पोलिसांत जायचं की नाही हे सहसा तिनंच ठरवायचं. दुसऱ्या कुणाला धोका असेल तर मात्र विद्यापीठालाही विचार करावा लागतो, तेही मी लपवलं नाही. घरच्यांकडे बाण नाही. प्राध्यापकांकडे नाही. रूममेटकडे नाही. मग कागदाच्या दुसऱ्या बाजूला काउन्सेलिंग सेंटर काढलं आणि त्याच्याभोवती गोल केला. जिवाला तातडीचा धोका सोडला, तर त्या गोलातून बाण बाहेर जात नाही. खाली ९८८ लिहिलं, जीव द्यावासा वाटला किंवा मन फार खचलं तर रात्रीबेरात्री कधीही लावता येतो असा मदतीचा नंबर.

ती वाकून बघत होती. एका बाणावर बोट ठेवून विचारलं, "या बाईंना माझं नाव कळेल?" मी म्हटलं, हो. दुसऱ्यावर बोट ठेवलं. "यांना?" हो. "आणि इथे कुणालाच नाही?" गोलावर बोट होतं. म्हटलं, तिथे कुणालाच नाही.

कागद उलटसुलट करून तिनं दोनदा पाहिला, घडी घातली आणि खिशात टाकला. काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. जाताना म्हणाली, "उद्या शेवटचा पेपर आहे."

गेल्या गेल्या मी तसेच आणखी चौतीस कागद काढले. हातानंच, छापील नाहीत. जानेवारीत मजल्यावरच्या पहिल्या मीटिंगला प्रत्येकीला एक देणार आहे, काहीही घडायच्या आधी. हॉल डायरेक्टरना दाखवला. त्यांनी दोन बाण दुरुस्त केले आणि बाकीच्या आरएंसाठी एक प्रत मागितली.

शनिवार, २० डिसेंबर, संध्याकाळ

बारा वाजता इमारत बंद झाली. सकाळपासून जिन्यात नुसत्या सुटकेसांची चाकं वाजत होती. सुट्टीत इथेच राहणाऱ्यांची यादी आमच्याकडे असते, परदेशातून आलेले बहुतेक त्या यादीत. यंदा अकरा नावं, चौथं माझं. नोकरी, राहायची खोली आणि या देशात असण्याचं कारण, तिन्ही एकाच इमारतीत असल्यानं जाणार तरी कुठे? विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर कॅम्पसबाहेर सहजासहजी काम करता येत नाही, आणि हे काम गेलं तर त्याच्याबरोबर खोलीही जाते. या गोष्टीची भीती वर्षभर अंगाखाली दबलेली असते. आज मात्र ती फारशी जाणवली नाही, कामच इतकं होतं.

दुपारी मास्टर की घेऊन आम्ही दोघी प्रत्येक खोलीत गेलो. आधी तीनदा टकटक, मग मोठ्यानं "आरए, आत येतेय", मग किल्ली. खोली रिकामी आहे हे माहीत असलं तरी हे चुकवायचं नसतं, आणि मी चुकवत नाही. खिडकीची कडी, हीटरचा आकडा, प्लग काढलेत का, फ्रिज, कचरा. चौतीस जणींच्या खोल्या, निम्म्या आवरलेल्या, निम्म्या वादळ गेल्यासारख्या.

तिच्या खोलीत खिडकी नीट बंद होती. पलंगावर चादर ओढून घेतलेली. टेबल पुसलेलं, त्यावर एक पेन आणि रूममेटसाठी ठेवलेली चिठ्ठी, घडी घातलेली, ती मी उघडली नाही. कचऱ्याचा डबा रिकामा होता, पण तळाशी काही राहिलंय का ते बघायची सवय आहे म्हणून वाकले. काही नव्हतं. टेबलावर, भिंतीवर, डब्यात, बाण काढलेला तो कागद कुठेच नव्हता.

यादीवर खूण केली, दिवा मालवला आणि दार ओढून घेतलं. कुलूप लागल्याचा आवाज आला, मग पुढच्या दाराशी गेले.