बालकलाकार मालिकेतून बाहेर पडतो तेव्हा: हजेरी, पैसा आणि सही

मालगुडीचा स्वामी ज्यांना आठवतो त्यांना मांडव्याचा छोटा विजय दीनानाथ चव्हाणही आठवत असणार. दोघं म्हणजे एकच मुलगा, मास्टर मंजुनाथ. शंकर नाग यांनी कर्नाटकातल्या आगुंबेत ‘मालगुडी डेज’चं चित्रीकरण केलं तेव्हा तो जेमतेम दहा वर्षांचा होता. १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये त्यानं अमिताभचं लहानपण साकारलं. विशीच्या आसपास अभिनय थांबवला, शिकला आणि बंगळूरला जनसंपर्काच्या क्षेत्रात गेला. लोक अजून विचारतात, ‘तो स्वामी कुठे गायब झाला हो?’ गायब कशाला होईल, कामाला लागला.

पडद्यावरून बाहेर पडणं म्हणजे अपयश, हा समज आधी काढून टाकायला हवा. बहुतेक बालकलाकार बाहेर पडतातच. मालिकेत ‘लीप’ आला की एका भागात सात वर्षांची असलेली मुलगी पुढच्या भागात वीस वर्षांची होते आणि सातवाल्या मुलीचं काम त्या शुक्रवारी संपतं. ट्रॅक बदलतो, मुलाचा आवाज फुटतो, उंची वाढते. यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. घरच्यांच्या हातात असतं ते एवढंच, की दुसऱ्या रस्त्याला लागताना त्याच्या खिशात काय असेल. ती तयारी मालिका चालू असतानाच करावी लागते, संपल्यावर नाही.

सुरुवात वेळेपासून. बालकामगार कायद्याचे २०१७ साली सुधारलेले नियम सांगतात की मुलाकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्यानं चित्रीकरण ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी काढायची, ‘नमुना क’मध्ये हमीपत्र द्यायचं. ते सहा महिनेच चालतं. इथे एक साधी चूक होते. परवानगी गोरेगावच्या चित्रनगरीसाठी काढलेली असते आणि महिन्याभरानं सेट नायगावला हलतो. नायगाव पालघर जिल्ह्यात, म्हणजे परवानगी नव्यानं हवी. आईबाबांनी त्या कागदाची प्रत मागून घ्यावी. न मागितलेली प्रत कुणी आणून देत नाही.

पाच तासांतही गोम आहे. मुलाचे सीन एकापाठोपाठ एक लागले तर पाच तास खरोखर पाच राहतात. पण सकाळी एक सीन, मग मोठ्या कलाकारांचे चार आणि संध्याकाळी मुलाचा दुसरा, असं लागलं की ‘काम’ दोन तासांचं आणि सेटवरचा मुक्काम अकरा तासांचा. त्यात घोडबंदर रोडची वाहतूक धरा. म्हणून दिवसाचा हिशोब घरातून निघाल्यापासून घरी परतेपर्यंत वहीत लिहून ठेवा: निघालो, पोहोचलो, मेकअप, पहिला सीन, शेवटचा सीन, पॅकअप. दोन आठवड्यांची अशी वही समोर ठेवून निर्मिती व्यवस्थापकाशी बोललं की मुलाचे सीन एकत्र लावून मिळण्याची शक्यता बरीच वाढते. नुसत्या तक्रारीवर ‘बघू’ एवढंच उत्तर मिळतं.

आता पैसा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

समजा, मुलाला दिवसाचे ५,००० रुपये ठरले आणि महिन्यात २० दिवस काम झालं. झाले १ लाख. त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे १०,००० आधीच कापले जातात. मुलाचं पॅन नसेल तर कपात २० टक्के. काम आणून देणाऱ्या समन्वयकाचे समजा २० टक्के, म्हणजे २०,०००. नियमाप्रमाणे मुलाच्या उत्पन्नातले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावानं मुदत ठेवीत जायला हवेत, आणखी २०,०००. घरात उरले ५०,०००, आणि तेही साधारण नव्वद दिवसांनी, कारण या धंद्यात पैसे तसेच येतात. सेटवर थांबण्यासाठी आईनं किंवा बाबांनी नोकरी सोडली असेल तर हा आकडा काही फार मोठा नाही. मालिका मार्चमध्ये बंद पडली तर शेवटचा पैसा जूनमध्ये येईल, नेमका शाळेच्या फीच्या तोंडावर. अनेक घरांत पंचाईत होते ती या तीन महिन्यांत. मग हात जातो मुदत ठेवीकडे.

ती ठेव नेमकी यासाठी मोडायची नसते. जॅकी कूगन या हॉलिवूडच्या बालकलाकाराची गोष्ट यासाठीच लक्षात ठेवायची. मूकपटांच्या काळात या मुलानं लाखो डॉलर कमावले. मोठेपणी कळलं की आई आणि सावत्र वडिलांनी जवळपास सगळं उडवलंय. १९३८ साली त्यानं खटला भरला, हाती आले सुमारे १ लाख २६ हजार डॉलर. त्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला. तिथे आज बालकलाकाराच्या ढोबळ कमाईचे १५ टक्के अडकवून ठेवावे लागतात, आपल्याकडे २० टक्के. आकडा आपला मोठा, पण तो जमा होतोय का हे बघणारं घरात कुणीतरी हवं. दर तीन महिन्यांनी ठेवीची पावती मागायची आणि त्यावर पहिलं नाव मुलाचं आहे ना, ते बघायचं. ‘सगळे पैसे तुमच्याच खात्यात टाकतो, ठेवीचं तुम्ही बघा’ असं कुणी म्हटलं तर ते सोयीचं वाटतं, पण मग ठेव होतच नाही.

कराचंही बघा. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाचं उत्पन्न एरवी आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवतात. पण स्वतःच्या कौशल्यानं मिळवलेली कमाई त्याला अपवाद आहे. अभिनयाचे पैसे मुलाचेच. त्याच्या नावानं पालकानं विवरणपत्र भरायचं. उत्पन्न करमर्यादेत बसत असेल तर कापलेला टीडीएस परत मिळतो. विवरणपत्र भरलंच नाही तर तो मिळत नाही. मुदत ठेवीचं व्याज मात्र कौशल्याची कमाई नव्हे, ते पालकाच्या उत्पन्नात धरलं जातं. ही दोन खाती सरमिसळ झाली की सीए वैतागतो आणि नोटीस येते.

शाळेबद्दल आपले नियम एवढंच म्हणतात की मुलाच्या अभ्यासात खंड पडू नये अशी सोय करावी. तास सांगितलेले नाहीत. कॅलिफोर्नियात ते मोजून दिलेत: ९ ते १५ वयाच्या मुलाचा शाळेच्या दिवशी सेटवरचा मुक्काम ९ तास, त्यात काम ५, शाळा ३, विश्रांती १. शिक्षक सेटवरच असतो. आपल्याकडे मेकअप रूममध्ये वही उघडी असते आणि शेजारी हेअरड्रेसर, स्पॉटदादा आणि फोनवर लावलेला कालचा भाग.

बुडालेला इतिहास वाचून भरून काढता येतो. गणिताचं तसं नाही. सहावी-सातवीत पूर्णांक, अपूर्णांक, बैजिक राशी हे महिने बुडाले की आठवीत समीकरणं येतात तेव्हा मूल हुशार असूनही ठेचकाळतं आणि घरचे म्हणतात, ‘त्याचा कल अभ्यासाकडे नाहीच.’ कल असतो, मधली पायरी नसते. म्हणून शिकवणी लावायची तर सगळ्या विषयांची नको, गणिताची लावा, आणि शाळा कुठे सुटली तिथपासून, चालू धड्यापासून नव्हे. दहावीला राज्य मंडळाची ७५ टक्के हजेरीची अट आहे. ती जुळणार नसेल तर खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म किंवा मुक्त विद्यालय हे रस्ते आहेत, पण हा निर्णय नववी संपताना घ्या. दहावीच्या डिसेंबरात घेतला तर फॉर्मची मुदत निघून गेलेली असते. परीक्षेच्या आधीचे किती दिवस सुट्टी, हे करारात तारखांसकट लिहून घ्यायचं. करारावर सही पालकाची असते, तेव्हा हे भांडणही पालकाचंच.

मधली पायरी शाबूत असली तर मूल कुठवर जातं? अमेरिकेतल्या ‘द वंडर इयर्स’ या मालिकेत, १९८८ ते १९९३, डॅनिका मॅकेलार विनी कूपर करत होती. तेरा ते अठरा, म्हणजे नेमकी बीजगणिताची वर्षं. पुढे तिनं लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गणित घेतलं आणि १९९८ मध्ये पदवी मिळवली. त्याच वर्षी प्राध्यापक लिंकन चेज आणि सहाध्यायी ब्रँडी विन यांच्यासोबत तिचा शोधनिबंध छापून आला. विषय चुंबकत्वाच्या एका गणिती प्रारूपाचा. चौकटीच्या वहीचा अमर्याद कागद डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक कोपऱ्यावर दोन बाण, प्रत्येक बाण वर किंवा खाली, म्हणजे एका कोपऱ्याच्या चार अवस्था. शेजारच्यांना एकमेकांसारखं राहायला आवडतं, उष्णता ती शिस्त मोडते. एका तापमानाखाली एकसारख्यांचा जथा इतका पसरतो की त्याला टोकच उरत नाही. असा अमर्याद जथा तयार होणं आणि सगळ्या कागदाला एकाहून अधिक स्थिर अवस्था मिळणं यांचा नेमका संबंध या तिघांनी सिद्ध केला. प्रमेयाला तिघांचं नाव आहे. नंतर तिनं शाळकरी मुलींसाठी गणिताची पुस्तकं लिहिली आणि अभिनयही पूर्ण सोडला नाही. दोन्हीपैकी एकच निवडा, ही सक्ती बाहेरच्यांची असते.

नोकरीच्या वेळी काय उपयोगी पडतं? वीस मिनिटांत दोन पानं पाठ करणं, जमिनीवरच्या टेपच्या खुणेकडे न बघता नेमकं तिच्यावर येऊन थांबणं, अनोळखी मोठ्या माणसांशी न बिचकता बोलणं. जनसंपर्क, विक्री, शिकवणं, वकिली, इथे हे थेट चालतं. कमी पडतं ते एकट्यानं तासन्तास बसून लिहिण्याचं काम. सेटवर दर पाच मिनिटांनी ‘ओके’ किंवा ‘वन मोअर’ मिळतं, ऑफिसात पंधरा दिवस कुणी काहीच म्हणत नाही. पहिल्या वर्षी नोकरी सोडावीशी वाटते ती बरेचदा यामुळे. बायोडेटात मालिकेचं नाव शेवटी, एका ओळीत. मुलाखतीत ‘तू तोच ना?’ येणारच. दोन वाक्यांत हसून उत्तर द्यायचं आणि कामावर यायचं. मालिका पुन्हा लागली किंवा ओटीटीवर गेली तरी बहुतेक करारांत कलाकाराला वेगळे पैसे नसतात, पण ‘तू तोच ना’ मात्र नव्यानं सुरू होतं.

सोळा-सतराव्या वर्षी तीन गोष्टी तपासा. आधारचे बोटांचे ठसे पंधराव्या वर्षी नव्यानं दिलेत का. पडद्यावरचं नाव, शाळेतलं नाव आणि बँकेतलं नाव एकच आहे का. नसेल तर राजपत्रातून दुरुस्ती, आणि ती दहावीच्या गुणपत्रिकेआधी झाली तर बरं. तिसरं, आई चालवत असलेलं मुलाचं इन्स्टाग्राम खातं: त्याचा ईमेल, त्याला जोडलेला फोन नंबर आणि जाहिरातींचे चालू करार मुलाच्या हवाली करायचे. मग ते खातं ठेवायचं की बंद करायचं, हे त्यानं ठरवायचं.

अठरा पूर्ण झाले की अज्ञान म्हणून उघडलेलं बँक खातं थांबतं. पॅन कार्डही, नंबर तोच ठेवून, फोटो आणि सही घालून नवं करून घ्यावं लागतं. जन्मदाखला, आधार, फोटो घेऊन मुलानं स्वतः शाखेत जायचं आणि नमुना सही द्यायची. इथे बरीच मुलं सवयीनं तीच वळणदार सही ठोकतात जी त्यांनी इतकी वर्षं लोकांच्या वह्यांवर केली. ती देऊ नका. एक तर ती दर वेळी वेगळी येते आणि चेक परत जातो. दुसरं, ती शेकडो घरांत पडून आहे. बँकेसाठी पूर्ण नावाची साधी सही ठरवा आणि जायच्या आदल्या रात्री कागदावर वीसेक वेळा करून बघा.