तैलचित्र थराथराने उभं करताना

तैलरंग वाळतो तो पाण्याच्या रंगासारखा पाणी उडून जाऊन नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. हे एकदा लक्षात आलं की कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हा प्रश्न बराचसा सुटतो.

कॅनव्हासला मी अॅक्रिलिक जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात देतो, एक आडवा तर पुढचा उभा. मध्ये 220 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने. फार घोटला तर रंग धरत नाही, ब्रशखाली नुसता सरकतो. जेसो दिलाच नाही, तर कापड तेल पितं आणि वर्षांनी ठिसूळ होतं.

पहिला थर बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा, फक्त टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला. सगळ्या कॅनव्हासवर फासायचा आणि जुन्या सुती कापडाने उजेडाच्या जागा पुसून काढायच्या. चेहरा असेल तर कपाळासाठी चिंधी बोटाला गुंडाळून एकच फटकारा, नाकाच्या शेंड्यासाठी तिचं नुसतं टोक. डोळे किलकिले करून पाहिलं की उजेड-सावलीची चूक लगेच दिसते. माझ्या मते चित्र इथेच ठरतं. पुढचे रंग बऱ्याचदा हमाली. अंबरमध्ये मँगनीज असतं, म्हणून तो लवकर वाळतो. त्याच्या जागी आयव्हरी ब्लॅक घेण्याचा मोह टाळावा, तो दिवसेंदिवस ओला राहतो.

त्यावरचे रंग चढत्या तेलाने. आधी दोन भाग टर्पेंटाइन आणि एक भाग तेल, मग समसमान, शेवटी तेल जास्त. उलट केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो, आणि वर भेगा पडतात. झिंक व्हाइट मी खालच्या थरांत घालतच नाही. तो ठिसूळ होतो.

सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे रंग बसणं. काल खोल, चमकदार दिसलेली सावली आज राखाडी आणि मेलेली दिसते, कारण वरचं तेल खालच्या थराने शोषलेलं असतं. रंग चुकला असं वाटून माणूस आणखी गडद लावतो आणि व्हार्निशनंतर तिथे भोक पडल्यासारखा काळा डाग दिसतो. आधी तो भाग हाताला कोरडा लागू द्यावा, निम्मं तेल आणि निम्मं टर्पेंटाइन चोळावं, जादा पुसून टाकावं. खरा रंग परत येतो. मग काय ते ठरवा.

तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नका. वाळताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

शेवटच्या व्हार्निशला पातळ चित्रासाठी सहा महिने, जाड रंगाला वर्ष किंवा जास्त. तोवर चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. उजेडात आणून ठेवलं की त्यातला बराच पिवळेपणा उतरतो.