टेम्पोतले चार किलोमीटर

धापेवाड्याला पायी जायचं ठरवलं त्यामागे भक्ती फारशी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. ऑफिसात बढतीच्या यादीतून माझं नाव दुसऱ्यांदा गळलं होतं आणि घरी मी तोंड पाडून बसलेला असायचो. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "कुढत बसण्यापेक्षा चार पावलं चालून तरी या." मागच्या गल्लीतली दिंडी निघतच होती. तिच्यात घुसलो.

पंढरपूर आम्हाला लांब. शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते ती महिनाभर चालते, तेवढी रजा कोण देणार? नागपूरकरांच्या आवाक्यातली वारी म्हणजे धापेवाडा, विदर्भाची पंढरी. काटोल नाक्यावरून फेटरी, कळमेश्वर करत चाळीसेक किलोमीटर. तिथल्या नदीचं नावही चंद्रभागाच. कोलबास्वामी दरसाल पंढरीला जायचे, म्हातारपणी पाय उचलेनात, तेव्हा विठोबाच धापेवाड्यात आला, असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. देवाने पाय थकल्याचं कारण मान्य केलं, हाजिरी नाही मांडली.

दशमीला पहाटे निघालो. गोरेवाड्याजवळ पावसाची सर आली आणि थांबलीही. पहिल्या विसाव्याला सगळे एकमेकांच्या पाया पडायला लागले. माझ्यासमोर सत्तरीची एक आजी, गळ्यात तुळशीची माळ. ती वाकली तसा मी दोन पावलं मागे सरलो. "अहो आजी, माझ्या काय पाया पडता! मी कोण?"

आजी तापलीच. "काऊन मागं सरकतं रे? तुया पाया नाही पडून रायली मी, माऊलीच्या पडून रायली. तू मधात कायले येतं?"

लोक हसले. मीही हसलो, पण पुढे फेटरीपर्यंत तेच डोक्यात. साहेबांनी मान दिला नाही म्हणून महिनाभर जेवण गोड लागत नव्हतं. आणि इथे कोणी मान देतंय तर मी पळतोय. दोन्हीकडे मधात मीच.

रात्री मुक्काम कळमेश्वरला. आलू-वांग्याची भाजी, वरण, पोळ्या. इतकी चव घरी का लागत नाही, हा प्रश्न मी बायकोला विचारणार नाही.

एकादशीला सकाळी टाचेचा फोड फुटला. रस्त्याकडेला संत्र्याच्या बागा, पलीकडे नुकती उगवलेली कपाशी, आणि काळी माती चपलेला अशी चिकटलेली की एकेक पाय किलोभर जड. सामानाचा टेम्पो मागून आला. ड्रायव्हर म्हणाला, "बसा ना भाऊ, कोण पाहते?" एका पंक्चरच्या दुकानापाशी मी चढलो आणि चार किलोमीटर पिशव्यांवर बसून गेलो. गावाच्या अलीकडे उतरलो, दुपट्टा नीट केला, दिंडीत मिसळलो.

इथवर काहीच बिघडलं नव्हतं. पाय दुखला, बसलो. पण साबुदाण्याची उसळ वाटणाऱ्या पोराने विचारलं, "नागपूरहून पायी का काका?" आणि मी म्हणालो, "हो, पूर्ण पायी."

'पूर्ण' त्याने विचारलंच नव्हतं. तो शब्द माझ्या पदरचा.

दर्शनाच्या रांगेत हा शब्द दाताखाली खड्यासारखा आला. "फाइल पूर्ण झाली, साहेब," असं मी अर्ध्या फायलीबद्दल किती वेळा बोललो असेन! पकडला गेलो नाही फारसा. पण प्रत्येक वेळी एक माणूस ऐकत होता, मी स्वतः. त्याचा माझ्यावरचा भरवसा उडाला होता आणि मी तो बढतीच्या यादीत शोधत होतो. आमच्या ऑफिसात इंदोऱ्याच्या एक बाई आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तेव्हा त्यांचे वडील तिथे होते. त्या रोज पंचशील म्हणून घराबाहेर पडतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. अर्धी फाइल त्या अर्धी म्हणूनच देतात, बोलणी खातात, आणि ताठ चालत जागेवर जाऊन बसतात. मला वाटायचं, हा ताठा स्वभावाचा असेल.

दर्शन झाल्यावर आजीला गाठलं. म्हटलं, "आजी, मी मधात टेम्पोत बसलो होतो."

"हाव, पायलं ना मी. तुया दुपट्टा बाहेर लोंबत होता."

"मग बोलल्या का नाही?"

"तुये पाय, तुया टेम्पो. मले काय करा लागते?" तिने पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. मग मी तिच्या पाया पडलो. ती मागे सरली नाही.

उसळवाल्या पोराला शोधलं, पण त्याच्या जागी दुसराच कोणी भगर वाटत होता. त्याला काय सांगणार?

दिंडीतले बाकीचे गाडीची वाट पाहत बसले. मी कळमेश्वरच्या रस्त्याला लागलो. टाच ठणकत होती. एक मोटरसायकलवाला थांबला, "सोडू का?" नको म्हणालो. त्याला वाटलं असेल नवस आहे. तासाभराहून जास्त लागला. पंक्चरच्या दुकानापाशी पोचलो, टपरीवर चहा घेतला आणि धापेवाड्याकडून येणाऱ्या एसटीला हात दाखवला. बसायला जागा नव्हती. नागपूरपर्यंत उभाच आलो.